पारव्याचा लगाम

१

पहिली बस पकडून बाई परत आली तेव्हा फाटकाला आतून कुलूप होतं. सळ्यांमधून हात घालून तिनं आपल्याजवळच्या किल्लीनं ते काढलं, आणि पिशवी खोलीत न टाकताच पागेकडे वळली. बहिणीकडे एका रात्रीच्या मुक्कामाला जायचं म्हटलं, तरी तिचा जीव इथे टांगलेला असायचा. बहिणीनं जेवताना टीव्ही मोठ्यानं लावून ठेवला होता. दोघींना बोलायला काही उरलं नव्हतं आणि ते दोघींनाही कळत होतं.

घोडेस्वारीची ही शाळा टेकडीच्या उतारावर होती. वर मालकांचं घर, खाली लांबलचक पागा, पागेच्या टोकाला बाईची खोली आणि समोर लाकडी कठड्याचं, वाळू पसरलेलं रिंगण. त्या रिंगणाच्या मधोमध उभं राहून ‘टाचा खाली, नजर वर’ असं ओरडण्यात तिची उभी हयात गेली होती. ऐन पंचविशीत मालकांनी तिला कोच म्हणून ठेवून घेतलं, आणि आता तिचे गुडघे जिना चढताना कुरकुरायला लागले होते. दिवसभर घसा फोडून बोलणाऱ्या या बाईशी दिवे लागल्यावर बोलायला कुणी नसे.

आज रिंगणाच्या मधोमध पारवा उभा होता. राखाडी, उंच, मालकांचा लाडका घोडा. पाठीवर मालकांचं खोगीर, पाय ठेवायच्या रिकिबी दोन्ही बाजूंना लोंबत होत्या. बाईला बघून त्यानं कान टवकारले आणि तो फुरफुरला.

“तुला इथे एकट्याला कुणी सोडलं रे?” ती म्हणाली.

मग तिला कठड्याच्या कडेला मालक दिसले.

ते उताणे पडले होते. डोक्याखालची वाळू काळसर झाली होती. बाईनं त्यांचा हात हातात घेतला. तो वाळूपेक्षाही गार होता. तिनं हाक मारली. पुन्हा मारली.

पारवा जवळ येऊन मालकांचा खांदा हुंगायला लागला. घोड्याला इथून हलवलं पाहिजे, एवढंच तिला त्या क्षणी सुचलं. पुढचं तिच्या हातांनी केलं. गळ्याखालचा बारीक पट्टा सोडवला, लगाम मोकळा करून मुठीत घेतला, रिकिबी वर चढवल्या आणि पारव्याला कठड्याबाहेर नेऊन बांधलं. मग ती चढ चढून घराकडे निघाली. पळणं तिला जमत नव्हतं, तरी ती पळाली.

तासाभरात सगळे जमले. मालकीणबाई रडत नव्हत्या. खांबाला धरून नुसत्या उभ्या होत्या. आदल्या दिवशीच शहरातून आलेला थोरला मुलगा त्यांच्या मागे उभा होता, आणि धाकटी मुलगी खाली वाळूतच बसली होती. मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा म्हातारा, तो सगळ्यांच्या शेवटी धापा टाकत आला.

फोन गेल्यावर आलेल्या इन्स्पेक्टरनं पारव्याच्या पोटाखालच्या तंगात, खोगीर आवळायच्या पट्ट्यात, हात घातला. चार बोटं सहज आत गेली.

“तंग ढिला राहिला,” तो म्हणाला. “खोगीर हललं, तोल गेला, डोकं कठड्यावर आपटलं. या वयात एकट्यानं घोड्यावर बसायचं म्हणजे...”

मग मालकीणबाईंचा आवाज आला. इतका थंड आवाज बाईनं त्यांचा कधी ऐकला नव्हता.

“जनावरांच्या डॉक्टरांना उद्या सकाळी बोलवा. त्या घोड्याला इंजेक्शन देऊन टाका. मला तो जिवंत नको.”

२

पंचनामा उरकल्यावर दुपारी मालकांना शेवटचा निरोप दिला. माणसं खूप आली होती. बाई सगळ्यांच्या मागे उभी राहिली. शेजारच्या एका अनोळखी बाईनं हळूच विचारलं, “तुम्ही कोण त्यांच्या?”

“इथे शिकवते,” ती म्हणाली. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतंच.

परत येऊन तिनं पारव्याकडे मोर्चा वळवला. सकाळपासून त्याच्या पाठीवर खोगीर तसंच होतं, कुणाला सुचलंच नव्हतं. तिनं ते उतरवलं आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. पाठीवर, खोगिराच्या बरोबर खाली, भुश्श्याचे कण चिकटले होते. घोडा रात्री आपल्या ठाणात लोळतो, तसा लोळून उठलेला. अंग घासायचा खरारा फिरवलेला नव्हता. मालक खरारा केल्याशिवाय खोगीर घालत? मुलांनी तसं केलं तर त्यांच्यावर केवढे डाफरायचे!

तिनं त्याचा पुढचा पाय उचलला. खुराच्या खोबणीत ठाणातला भुस्सा घट्ट दाबून बसला होता. वरून वाळूचा नुसता पातळ थर. दुसरा पाय, तिसरा, चौथा, सगळे तसेच. रिंगणात दोन फेऱ्या जरी मारल्या असत्या तरी तो भुस्सा झडून वाळू भरली असती. पारवा इथपर्यंत चालत आला होता आणि उभा राहिला होता, इतकंच.

आणि तंग. पारवा लबाड होता. तंग आवळताना पोट फुगवून धरायचा. चार पावलं चालवून तंग पुन्हा आवळावा लागे, तेव्हा कुठे त्यावर माणूस बसू शके. पागेत हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. ढिला तंग म्हणजे कुणीतरी एकदाच आवळला आणि सोडून दिला.

ती पागेत गेली. मालक रोज उजाडता उजाडता स्वतः माळ्यावर चढून गवत खाली टाकायचे. आधी घोड्यांचं पोट, मग आपली हौस, असा त्यांचा शिरस्ता. फाटकाकडच्या ठाणांमध्ये गवताच्या काड्या उरल्या होत्या. पलीकडच्या टोकाला, जिथे पारवा राहायचा, तिथली गव्हाण मोतद्दारानं दुपारी भरली होती. तिनं त्याला हाक मारून विचारलं.

“सकाळी इकडचे सगळे उपाशीच होते बाई,” तो दुरूनच म्हणाला. “मी आलो तेव्हा लाथा झाडत होते.”

म्हणजे गवत टाकणं अर्ध्यावर राहिलं होतं. बाई माळ्याच्या कडेकडे बघत उभी राहिली. खाली फरशी होती. दगडी, ओबडधोबड फरशी. तिचा एक तुकडा इतर फरशीपेक्षा स्वच्छ दिसत होता.

तिनं इन्स्पेक्टरला फोन लावला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. “बाई, आपलं माणूस असं अचानक गेलं की असे विचार येतात,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला. “विश्रांती घ्या.”

तिनं फोन ठेवला. मालक आज पारव्यावर बसलेच नव्हते. मग त्यांना त्या वाळूत कुणी नेऊन ठेवलं?

३

फाटकाला आतून कुलूप होतं. किल्ल्या तिघांकडे: घरात एक, बाईकडे एक, मोतद्दाराकडे एक. म्हणजे जे काही झालं त्यात घरातलं माणूस होतं, नाहीतर मोतद्दार.

तो दाणे भिजवायच्या पिंपाशी बसला होता, हात पाण्यात बुडवून. बाईला बघून उठला नाही. एरवी उठायचा.

“आज उशीर का झाला?” तिनं विचारलं.

“झाला.”

“काल मी निघाले तेव्हा मालकांशी वाजलं होतं ना तुमचं?”

त्यानं मान वर केली. “तुम्हाला काय म्हणायचंय ते सरळ म्हणा की.”

“मी काही म्हणत नाही. विचारतेय.”

बराच वेळ तो दाणे हातानं ढवळत राहिला. मग बोलला. मालकांनी त्याला काल सांगितलं होतं, आता तू थकलास, घरी बस. याचा त्याला राग आला होता. आज पहाटे तो दुसऱ्या एका पागेत काम आहे का, ते विचारायला गेला होता. तिथले लोक त्याचे पांढरे केस बघून हसले.

“हे त्या पोलिसाला सांगू?” तो म्हणाला. “म्हणजे लगेच माझ्याच गळ्यात पडायचं.”

“सांगू नका. मला एवढंच सांगा, पागेत आलात तेव्हा काही वेगळं दिसलं?”

“शिडी,” तो चटकन म्हणाला. जणू ते दिवसभर त्याच्या जिभेवर होतं. “माळ्याची शिडी जागेवर नव्हती. दाण्याच्या पेटीमागे आडवी टाकलेली. मालक शिडी अशी टाकत नाहीत. आणि ढकलगाडी धुतलेली. मी काल शेणाची तशीच उभी करून गेलो होतो, कंबर भरली होती म्हणून. सकाळी बघतो तर लख्ख! चाकाला मात्र वाळू.”

ढकलगाडी रिंगणात न्यायची नाही, चाकानं चर पडतो, हा तिचाच नियम होता. मालक उंच होते पण अलीकडे काडीसारखे झाले होते. ढकलगाडीत मावले असते.

“दुसरं काही?”

मोतद्दार घुटमळला. “ते नका विचारू बाई.”

“विचारते.”

“मी येत होतो तेव्हा मागच्या कुंपणाच्या फटीतून धाकट्या ताई आत शिरत होत्या. चोरासारख्या. मला बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.”

सकाळी वाळूत बसून धाकटी सगळ्यांना सांगत होती, मी झोपले होते, मला काहीच ऐकू आलं नाही.

४

धाकटी पारव्याच्या ठाणात सापडली. घोड्याच्या मानेवर डोकं टेकून उभी होती. बाईनं तिला पाच वर्षांची असल्यापासून शिकवलं होतं; या पागेत बाईच्या हाताखाली तयार झालेली सगळ्यांत चांगली स्वार ती होती. स्पर्धेला पारव्यावर बसू द्या म्हणून ती वर्षभर वडिलांच्या मागे लागली होती. ते ऐकत नव्हते.

“आईला सांगा ना बाई,” ती वळून न बघताच म्हणाली. “तुमचं ऐकेल ती. याचा काय दोष?”

“सकाळी कुठे होतीस?”

“झोपले होते.”

“कुंपणाच्या फटीतून घरात जाऊन झोपलीस?”

धाकटीनं चेहरा पुसला आणि ती पारव्याच्या आयाळीशी चाळा करत बोलायला लागली. गावाच्या पलीकडे नवी घोडेस्वारीची शाळा निघाली होती. तिथे तरुण कोच होता, उड्यांची सगळी नवी साधनं होती. काही महिन्यांपासून ती भल्या सकाळी तिथे जाऊन शिकत होती. आजही गेली होती. तिथल्या दहाजणांनी तिला पाहिलं होतं.

“तुम्हाला सांगणार होते,” ती म्हणाली. “पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून...”

“शिकवतो चांगलं?”

“हो.”

“मग झालं तर,” बाई म्हणाली. ठाणाच्या दारावरचा ढिला खिळा ती अंगठ्यानं आत दाबत राहिली. आत जाणारा नव्हता तो, हातोडी हवी होती. गेले काही महिने धाकटीचा घोडा उडीआधी लवकर पाय उचलायला लागला होता. तेव्हा बाईला वाटलं होतं, आपल्या शिकवण्याला फळ येतंय.

“बाई, एक विचारू?” धाकटी म्हणाली. “बाबा पडले आणि हा तसाच उभा होता, तर लगाम खाली लोंबत असेल ना? मी याच्या तोंडाला सगळीकडे बघितलं. कुठे ओढ बसलेली नाही. पट्टा तुटलेला नाही. लगामावर याचा पाय कसा नाही पडला? तुम्ही पहिल्यांदा पोचलात. लगाम होता कुठे?”

बाईनं खिळ्यावरचा अंगठा काढला.

लगाम लोंबत नव्हता. तिच्या बोटांना आठवत होतं. तिनं पारव्याच्या गळ्याखालचा पट्टा सोडवला होता. तो का सोडवावा लागला होता?

५

ती खोलीत येऊन खाटेवर बसली आणि आपले दोन्ही हात समोर धरून बघत राहिली.

लगामाला पीळ घालून तो घोड्याच्या गळ्याखाली घ्यायचा, गळ्याखालचा बारीक पट्टा त्या पिळातून ओवायचा आणि बक्कल लावायचं. म्हणजे घोडा मोकळा सोडला तरी लगाम खाली पडत नाही, पायात येत नाही, तोंडाला हिसका बसत नाही. सकाळी पारव्याचा लगाम तसा गुंफलेला होता. स्वार पडलेल्या घोड्याचा लगाम असा नसतो. हे कुणीतरी खाली उभं राहून, सावकाश, दोन्ही हातांनी केलेलं काम होतं. ज्यानं मालकांना वाळूत आणून ठेवलं, त्यानं मागे फिरण्याआधी थांबून घोड्याला इजा होणार नाही याची काळजी घेतली होती.

मालकांनीच केलं असेल? त्यांनी खोगीर चढवलं असतं तर खूर साफ असते. मोतद्दार? त्याला लगाम आवडतच नसे. घोडा सोडायचा तर तो लगाम काढून साधी दोरी घाली. धाकटी? ती तर गावापलीकडे होती. आणि नसती तरी तिला ही रीत माहीतच नव्हती. फार पूर्वी, अशाच गुंफलेल्या लगामात फाटकाची कडी अडकून एका घोडीचं तोंड फाटलं होतं. त्या दिवसापासून बाईनं ही रीत सोडली. तेव्हापासून या पागेत प्रत्येक जण रिकीब वर चढवून तिच्याखाली लगाम खोचायला शिकला. धाकटीसुद्धा.

जुनी रीत शिकलेली मुलं मोजकीच होती आणि ती केव्हाच पांगली होती. त्यांतलं एक काल परत आलं होतं.

थोरला तिचा पहिला विद्यार्थी. ती इथे नवीन असताना सगळे तिला बाई म्हणत, तो एकटा मावशी म्हणायचा. दिवसभर तिच्या मागे मागे असायचा. पिळातून पट्टा ओवताना जीभ बाहेर काढायचा. मग एकदा पडला, हाड मोडलं, आणि मालकांनी चारचौघांत त्याला घाबरट म्हटलं. तो परत कधी पागेत उतरला नाही. इतकी वर्षं सगळे म्हणत आले, थोरला घोड्याला हात लावत नाही.

दिवे लागायच्या सुमाराला ती घरी गेली. थोरला स्वयंपाकघरात उभा राहून कप विसळत होता. ते स्वच्छच दिसत होते.

“उद्या डॉक्टर येतील तेव्हा पारव्याला कुणीतरी धरावं लागेल,” ती म्हणाली. “मोतद्दार नाही म्हणतोय. धाकटी धरणार नाही. आणि माझ्याच्यानं होणार नाही.”

“मी घोड्यांजवळ जात नाही, मावशी. तुम्हाला माहीत आहे.”

किती वर्षांनी तो मावशी म्हणाला होता! तिला वाटलं आपण इथून निघून जावं. झोपावं. उद्या जे व्हायचं ते होऊ द्यावं. पागेत म्हातारे घोडे मरतातच, पारवाही मरेल, आणि हा मुलगा आपल्या घरी जाईल.

“इथे आता कुणी तसा लगाम गुंफत नाही,” ती म्हणाली. “मीच बंद केलं. तुला ते कळायचं कारण नव्हतं.”

तो वळला नाही. नळाचं पाणी भरल्या कपातून वाहत राहिलं.

“मी कुणाला काही बोललेली नाही,” बाई म्हणाली. “डॉक्टर सकाळी येणार आहेत.”

६

सकाळी आभाळ भरलेलं होतं. डॉक्टरांनी बॅग कठड्यावर ठेवली. हा मनुष्य पारव्याला शिंगरू असल्यापासून ओळखत होता. त्याला हे काम नको होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“कोण धरतंय?” त्यानं विचारलं.

मालकीणबाई उतारावर उभ्या होत्या. धाकटी त्यांचा हात धरून हळू आवाजात विनवत होती. मोतद्दार पाठ करून उभा होता. कुणी पुढे होईना. बाई पारव्याची दोरी धरून होती, पण तिनं आधीच सांगितलं होतं, इंजेक्शनच्या वेळी मी नाही.

मग घराचं दार वाजलं. थोरला उतार उतरून आला. कालचेच कपडे, डोळे सुजलेले. तो पारव्यापासून चार हातांवर थांबला.

“त्याच्या डावीकडून ये,” बाई सवयीनं म्हणाली. “हात दाखव त्याला आधी.”

त्यानं हात पुढे केला. पारव्यानं तो हुंगला, आणि मग ओळखीच्या माणसाशी करतो तसं कपाळ त्याच्या छातीला घासलं. थोरल्यानं दोरी घेतली. ती त्यानं बरोबर धरली होती, हनुवटीखाली, मूठ सैल सोडून. बाईनं शिकवली होती तशी.

डॉक्टरांनी मानेवरची जागा पुसली. सुई भरली.

“थांबा,” थोरला म्हणाला.

डॉक्टर थांबले.

“यानं काही केलेलं नाही. थांबा.” तो आईकडे बघत नव्हता, घोड्याच्या मानेकडे बघत बोलत होता. “बाबा घोड्यावर बसलेच नाहीत काल. ते माळ्यावरून पडले. शिडी मी काढली होती.”

धाकटीच्या तोंडून काहीतरी आवाज निघाला. मालकीणबाई जागच्या हलल्या नाहीत.

“मी सकाळी त्यांना सांगायला गेलो होतो,” तो म्हणाला. “आता हे बंद करा, तुम्ही आणि आई माझ्याकडे चला. ते वर गवत टाकत होते. माझ्याकडे पाठ करून टाकत राहिले. मी बोलतोय आणि ते गवत टाकतायत. मी म्हटलं, उतरा खाली, माझ्याशी बोला. ते हसले. मग मी शिडी काढून घेतली. म्हटलं, आता ऐकावंच लागेल. लहान मुलानं करावं तसं केलं मी. ते म्हणाले, मी तुझ्यासारखा घाबरट नाही. आणि कडेला धरून खाली लोंबकळले. तरुणपणी उतरायचे ना तसे, आई? तसे. आणि हात सुटला.”

“मग आम्हाला हाक का नाही मारलीस?” धाकटी ओरडली.

“ते गेले होते ग. लगेच. मी बराच वेळ बसलो होतो त्यांच्यापाशी.” त्यानं पारव्याच्या मानेवर हात ठेवला. “मग मला वाटलं, शिडी का काढलीस असं आई विचारेल. घोड्यावरून गेले म्हटलं तर कुणी काही विचारणार नाही. त्यांनाही... त्यांनाही तसंच जायला आवडलं असतं, असं वाटलं. याला मारतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि आई बोलली तेव्हा माझं तोंड उघडेना.”

डॉक्टरांनी सुई परत बॅगेत ठेवली. झाकण बंद झाल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

मालकीणबाई उतार उतरून आल्या. सगळ्यांना वाटलं त्या मुलाला मारतील. त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मी विचारलंच असतं. शिडी का काढलीस म्हणून. मी विचारलंच असतं.” मग त्या तिथेच कठड्याला टेकून बसल्या आणि पहिल्यांदा रडल्या.

७

इन्स्पेक्टरला थोरल्यानं स्वतःच फोन केला. पुढे बरंच काही झालं: जबाब, वकील, तारखा. जाणूनबुजून केलेलं नाही हे सगळ्यांनाच कळत होतं, तरी प्रेत हलवलं, खोटं भासवलं, हे होतंच. तो शहरात राहून कोर्टात येत-जात राहिला. पागेकडे तो एकदाच आला, पारव्यासमोर थोडा वेळ उभा राहिला आणि बाईला न भेटता निघून गेला. तिनं खिडकीतून बघितलं, पण बाहेर गेली नाही. काय बोलणार होती?

शाळेत मुलं येईनाशी झाली. ज्या पागेत माणूस असा मेला, तिथे मुलांना कोण पाठवणार? धाकटी उघडपणे त्या नव्या शाळेत जायला लागली. जाताना बाईला हात करायची. मोतद्दार राहिला. त्याला आता कुणी घरी बस म्हणणारं नव्हतं. बाई रिकाम्या रिंगणात रोज एकेका घोड्याला दोरीवर फिरवत राहिली. आवाज द्यायची सवय सुटत नव्हती. घोड्यावर कुणी नसताना ‘टाचा खाली’ असं दोनदा तिच्या तोंडून गेलं.

एका संध्याकाळी तिच्या दारावर टकटक झाली. मालकीणबाई होत्या. इतक्या वर्षांत त्या या खोलीत कधी आल्या नव्हत्या. त्यांनी आत नजर फिरवली; एक खाट, एक खुर्ची, खिळ्याला टांगलेली टोपी. मग खुर्चीवर बसल्या. बाई खाटेवर बसली.

“त्या संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात काय बोललात ते थोरल्यानं सांगितलं. तुम्ही गप्प राहिला असतात तर बरं झालं असतं,” मालकीणबाई म्हणाल्या. “मला रोज असं वाटतं.”

“मलाही,” बाई म्हणाली.

बाहेर घोड्यांचं दाणे चावणं ऐकू येत होतं. मालकीणबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

“एक विचारायचं होतं,” त्या म्हणाल्या. “सकाळी ते कठड्याशी तुमच्याबरोबर उभे असायचे. रोज. मला वरच्या खिडकीतून दिसायचं. काय बोलायचे एवढं?”

बाईनं आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, कारण खोटं सांगायचं नव्हतं.

“काही नाही,” ती म्हणाली. “नाल बदलायला झाली, म्हणायचे. वारा सुटलाय, म्हणायचे. बहुतेक दिवशी काहीच नाही. नुसते उभे.”

“खरं सांगताय?”

“हो. मला वाटायचं, घरी बोलत असतील.”

मालकीणबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निघालं आणि अर्ध्यातच थांबलं.

“आणि मला वाटायचं,” त्या म्हणाल्या, “सगळं तुमच्यापाशी बोलून रिकामे होतात, म्हणून घरी तोंड उघडत नाहीत.”

बाहेर अंधारून येत होतं आणि मालकीणबाई उठायचं नाव घेत नव्हत्या.

“चहा टाकू?” बाईनं विचारलं.

“टाका.”

बाई उठली. दुसरा कप फळीवरच्या डब्यांमागे कुठेतरी असायला हवा होता. डबे एकेक करून बाजूला सारत ती तो शोधायला लागली.